सुरमई नंतर, आधी खाडी

"ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं आणि सासूबाई मालवणला जातोय. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाच. मुलांना बोटीने खोल समुद्रात न्यायचं आणि मासे पकडायला शिकवायचं, असं नवऱ्याने ठरवून टाकलंय. त्याने ढीगभर व्हिडिओ बघितलेत, ऑनलाइन रॉडही मागवलाय, आणि ओळखीतला एकजण 'आमच्या ट्रॉलरवर या, फुकट नेतो' म्हणालाय. मला पोहता येत नाही. धाकटा गगनबावड्याच्या घाटात हमखास उलटी करतो. मोठी मासे आवडीने खाते, पण बाजारात तडफडणारी चिंबोरी बघून रडली होती. सासूबाईंचं म्हणणं, पोरांना पाण्यावर न्यायचंच नाही. मी नको म्हटलं की मी भित्री ठरते, हो म्हटलं की झोप येत नाही. काय करू?"
– एक आई, पुणे

आधी त्या ट्रॉलरचं बघू. बाकी सगळ्यातून मधला रस्ता निघेल, यातून निघणार नाही. मासेमारीच्या बोटीवर प्रवासी नेता येत नाहीत. मासेमारीचा परवाना वेगळा आणि पर्यटकांना फिरवण्याचा वेगळा. हा दुसरा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळ देतं आणि बोटीत किती माणसं बसवायची तेही त्यात ठरलेलं असतं. शिवाय ट्रॉलर ही कामाची जागा. डेक ओला, तेलकट, दोरांची वेटोळी पडलेली, जाळं ओढणारा विंच फिरतोय. जाळं ओढायला लागलं की खलाशांचं लक्ष जाळ्यावर असतं, तुमच्या पाच वर्षांच्या मुलावर नाही, आणि तसं ते असावं अशी अपेक्षाही आपण करू नये. बोलावणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण फुकटच्या बोटीत "आता परत चला" म्हणायला तोंड उरत नाही. दिवसभराचं डिझेल घालून निघालेला माणूस तुमच्या मुलाला मळमळतंय म्हणून बोटीचं तोंड फिरवेल? आणि त्याने फिरवलं तरी तुम्हाला ओशाळं वाटेल. म्हणून तुम्ही गप्प बसाल, आणि मुलगा ओकत राहील.

माझ्या मते मुलांना घेऊन पाण्यावर जायचं तर खरा प्रश्न एकच: परत फिरायचं कुणी ठरवायचं, आणि ठरवल्यावर काठ किती मिनिटांवर आहे? पैसे देऊन, फक्त तुमच्यासाठी ठरवलेली होडी हवी. कुणीही एकाने "परत" म्हटलं की परत, कारण विचारायचं नाही. हे निघायच्या आधीच, तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, देखत मुलांना सांगून टाका. पंधरा मिनिटांत काठाला लागता येईल अशीच जागा निवडा. एवढं ठरलं की खोल समुद्रातल्या सुरमईचा विषय आपोआप मिटतो, कारण सुरमई पंधरा मिनिटांवर नसते.

आता जागा. मालवणहून देवबाग दहा-बारा किलोमीटर. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे देवबागची चिंचोळी पट्टी. खाडीच्या बाजूला डिसेंबरच्या सकाळी पाणी इतकं निवांत असतं की माडांची सावली हलताना दिसत नाही. तांबोशी, मुडदुशी, काळुंदर, कधीमधी एखादा गोबरा. माशांची वाण नाही. वीतभरच असतात बहुतेक. पण गळाला लागलेला वीतभर मासा पाच वर्षांच्या हाताला जी ओढ देतो, ती तुमच्या नवऱ्याने व्हिडिओत पाहिलेल्या कुठल्याही माशापेक्षा कमी नाही. जेटीवर गेलात की डॉल्फिन, संगम (खाडी समुद्राला मिळते ती जागा), त्सुनामी आयलंड असं सगळं एका दमात दाखवणारं पॅकेज पुढे येईल. ते दुसऱ्या दिवशी करा. गळाने मासे पकडण्याला तिकडे 'गरवणं' म्हणतात आणि गळाला 'गरी'. तेव्हा सरळ सांगा: "गरवूक जावचा आसा, वांगडा पोरां आसत, दोन तास, संगमाच्या भायर नाय." म्हणजे गरवायला जायचंय, बरोबर मुलं आहेत, दोन तास, संगमाच्या बाहेर नाही. उच्चार चुकला तरी चालेल. पुण्याची मंडळी मालवणी बोलायला लागली की होडीवाला हसतो आणि दर थोडा उतरतो, असा माझा अनुभव आहे. तुम्हाला येईलच याची हमी नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी तुम्ही करणारच. त्या होडीत मात्र गळ काढू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि त्याचा गाभा किल्ल्याच्या आसपासच येतो.

संगमाच्या बाहेर का नको, हे नवऱ्याला समजावून सांगा, नाहीतर तिथे गेल्यावर "जरा बाहेर जाऊन येऊ" सुरू होईल. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी जोराने बाहेर धावतं आणि समोरून समुद्राची लाट येत असते. दोघं मुखावर भिडले की पाणी उभं राहतं. बाहेर समुद्र शांत, आत खाडी शांत, आणि मधल्या शंभर मीटरमध्ये होडी नाचते. याच कारणाने मुलांबरोबर भरती चढत असताना जावं. चढत्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर होडी आत, गावाकडे वाहत जाते. ओहोटीत बंद पडलं तर बाहेर. मासाही चढत्या पाण्याबरोबर खाडीत शिरतो, त्यामुळे या बाबतीत मासा आणि आई यांचं एकमत आहे.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब तुमच्या सासूबाईंना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा मुंबई-अलिबागकडचा ठोकताळा. दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते, म्हणून मालवणात नेमकी वेळ तांडेलालाच विचारा. पण कॅलेंडर उघडून मोठीला हा हिशेब करायला लावा आणि जेटीवर तिच्याच तोंडून विचारून घ्या तो कितपत जुळला. माझ्या मुलाला पाऊणकीचा पाढा एवढ्यासाठी पाठ झाला होता, शाळेने तर तो कधीच सोडून दिलाय.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ, फार तर दहा. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? रात्री जमीन लवकर थंड होते, पहाटे वारा जमिनीवरून पाण्याकडे मंद वाहतो, तो मतलई. पाणी सपाट असतं ते तेव्हाच. ऊन चढलं, जमीन तापली की वारा उलटतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत पाणी खवळतं. पुस्तकात दोन मार्कांना होतं ते इथे सगळ्या सहलीचं गणित आहे. हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना एप्रिलमध्ये आम्ही होडी ठरवली होती. तांडेल आदल्या दिवशीच म्हणाला होता, "बाय, सकाळीच या. धाच्या आधी काठाक लागूया, मगे वारो सुटतलो." आम्ही सुट्टीवर, आंबोळ्या खाऊन, फोटो काढून साडेअकराला पोचलो. तो काही बोलला नाही, नेलं त्याने. वीस मिनिटांत मुलगा माझ्या मांडीवर आडवा, तोंड पांढरंफटक, आणि आंबोळ्या जिथे जायच्या तिथे गेल्या. मी "परत फिरवा" म्हणायला अजून दहा मिनिटं घेतली, कारण पैसे दिले होते! पुढची तीन वर्षं तो होडीत चढला नाही.

तुमच्या धाकट्याचं म्हणूनच आधी बघायला हवं. घाटात आणि होडीत उलटी होण्याचं कारण एकच: कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे सांगतात की समोरची फळी स्थिर आहे. मेंदूला हे भांडण सोसत नाही. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना ते जास्त जाणवतं. त्याला होडीच्या मधोमध, खाली बसवा, तिथे हेलकावे कमी असतात. लांबच्या काठाकडे बघायला लावा. गळाला आमिष लावताना मान खाली घालून बसू देऊ नका, ते काम मोठ्याचं. मोबाइल तर नकोच. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको; एखादं केळं, दोन पोळीचे घास. आलेपाकाची वडी खिशात ठेवा, काही मुलांना बरं वाटतं. औषध द्यायचं असेल तर पुण्यातच मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा आणि एकदा घाटात देऊन बघा, म्हणजे किती गुंगी येते ते कळेल. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा तोडून देणं हा प्रकार करू नका. गुंगीत असलेलं मूल होडीत सांभाळणं किती अवघड, याची कल्पना करा.

लाइफ जॅकेट. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. किनारा दिसत होता. म्हणून "खाडीतच तर जायचंय" हे कारण ऐकायचं नाही, तुमच्यासकट सगळ्यांनी घालायचं, आणि बसायच्या आधी घालायचं. गडबड मुलांच्या मापाची होते. जेटीवर बहुतेक जॅकेटं मोठ्यांची असतात, आणि मोठ्याच्या जॅकेटमधून मूल पाण्यात खाली सरकतं, जॅकेट वर तरंगत राहतं. पट्टे आवळून झाले की मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून अलगद उचला. जॅकेट हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर ते त्याचं नाही. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. माझं ऐकाल तर धाकट्यासाठी त्याच्या वजनाचं जॅकेट पुण्यातूनच घेऊन जा. रॉडच्या पैशात आलं असतं. तुम्हाला पोहता येत नाही याची लाज बाळगू नका, तांडेलाला स्पष्ट सांगा. आणि होडीत मोठी माणसं दोन असतील तर एकेका मुलाला एकेक वाटून घ्या. "आपण दोघं बघतोय" याचा अर्थ बहुतेक वेळा कुणीच बघत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. बांधायची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पाणी. आणि निघताना दोन्ही मुलांना बाथरूमला नेऊन आणा, 'नाही लागली' म्हणाली तरी. होडीत सोय नसते.

आता तो रॉड. राहू द्या पुण्यात. लहान होडीत सहा फुटी रॉड मागे नेऊन झटका मारला की गळ पाण्यात जाण्याआधी कुणाच्या तरी कानाला भेटतो. खाडीत मुलांसाठी तंगूसच (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) पुरे: रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला, टोकाला शिशाचा तुकडा आणि लहान गळ. बाटली एका हातात, तंगूस दुसऱ्या हाताच्या बोटावर. फेकायचं नाही, फक्त खाली सोडायचं. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं आणि थांबायचं. मासा टोचा मारतो तो बोटालाच कळतो. रॉडच्या टोकाकडे बघत बसण्यापेक्षा हे मुलांना लवकर समजतं. आमिषाला सोललेल्या कोळंबीचा तुकडा, तिकडे तिला सुंगट म्हणतात. गळाला टोकाजवळ एक उलटा दात असतो, तो पकडीने दाबून सपाट करून टाका. थोडे मासे निसटतील. पण बोटात रुतला तर गळ सहज निघेल, आणि सोडून द्यायचा मासाही फाटणार नाही. उलटा दात शाबूत असलेला गळ रुतला तर ओढत बसू नका, तंगूस कापून डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

गळाला आलेला मासा मुलांनी हातात घ्यायचा की नाही, ते तांडेल सांगेल. शिंगाळ्याला पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात, पाकटाच्या शेपटीला असतात. ते रुतले की आग होते. रुतलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, अर्धा तास तरी, मोठ्याने आधी स्वतःचा हात घालून बघायचा, आणि मग डॉक्टर. आणि फुगून चेंडू होणारा केंड वर आला की मुलं हरखून जातात. फोटोसाठी त्याला अजून फुगवत बसू नका, लगेच पाण्यात सोडा. केंड विषारी, तो खायचा नसतोच.

तुमच्या मोठीबद्दल लिहिताना तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं पत्राचा जीव तिथे आहे. चिंबोरी बघून रडणारी मुलगी गळाला लागलेला मासा बघून रडेल का? रडू शकते. "माशाला काही कळत नाही गं" असं तिला सांगू नका. दहा वर्षांच्या मुलीला समोर तडफडणारा मासा दिसत असतो, ती तुमच्यावरचा विश्वास गमावेल, माशाविषयीचं मत बदलणार नाही. आदल्या रात्री तिच्याशी बोला. आपण मासे खातो, ते कुणीतरी असेच काढलेले असतात, उद्या आपण काढणार. किती ठेवायचे ते आधी ठरवा, म्हणजे रात्रीच्या ताटापुरते, आणि बाकीचे सोडायचे. कुठले सोडायचे याचा अधिकार तिला द्या. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान मासा म्हणजे अजून अंडी न घातलेलं पिल्लू, एवढं तिला पुरेल. पट्टी घेऊन बसू द्या तिला. सोडताना हात ओले करून धरायला शिकवा, कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो.

ठेवायचा मासा मात्र बादलीत टाकून तोंडं उघडी करत राहू देऊ नका. मला होडीतली सगळ्यात वाईट गोष्ट तीच वाटते. मुलं दोन तास त्या बादलीकडे बघत बसतात. तांडेलाला सांगा, ठेवायचा तो लगेच मारून बर्फात घाला. त्याला सवय असते, एका टोल्यात होतं. बघायचं की मान फिरवायची, हे तिचं तिला ठरवू द्या. आणि तिने मधेच बाटली खाली ठेवली, मला नाही करायचं म्हणाली, तर ते "परत" म्हणण्यासारखंच माना. नवऱ्याला हे आधी सांगून ठेवा, कारण "अगं एवढी आलीस तर" हे वाक्य त्याच्या तोंडी तयारच असेल.

सासूबाई. त्यांना भित्र्या समजू नका, आणि तुम्हीही स्वतःला समजू नका. ज्यांचं सगळं आयुष्य पाण्यावर जातं ते गाबीत आणि कोळी लोक पावसाळ्यात समुद्राला हात लावत नाहीत, नारळी पौर्णिमेला नारळ देतात, मग होड्या लोटतात. तेवढा धाक त्यांनाही असतो. सासूबाईंना सोबत घ्या, होडीत नाही, किनाऱ्यावर. होडी सुटण्याआधी त्यांच्या हातून पाण्यात एक नारळ सोडा. त्यांचा नकार त्यामुळे मावळेल असं नाही, पण त्यांना या बेतातून वगळलं नाही, एवढं तरी होईल.

आणि पहिल्याच दिवशी होडी ठरवू नका. पहिल्या सकाळी किनाऱ्यावर रापण लागते का ते विचारून ठेवा. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि त्याची दोन्ही टोकं काठावरून तीस-चाळीस माणसं ओढतात. पाहुण्यांनी दोराला हात लावला तर कुणी नको म्हणत नाही, फक्त विचारून लावा आणि मधे-मधे करू नका. धाकट्याला दोर ओढायला मिळेल, जाळं काठाला लागल्यावर बांगडे, पेडवे, लेप, खेकडे सगळं एकदम बघायला मिळेल, आणि पाय वाळूत असतील. मोठी ते बघून काय करते, यावरून दुसऱ्या दिवशीच्या होडीचा तुम्हाला अंदाज येईल. कुणी सांगावं, तिथेच दोघांचं मन भरेल आणि होडीचे पैसे वाचतील.

नवऱ्याला सुरमई हवीच असेल तर त्याने तिसऱ्या दिवशी परवाना असलेल्या बोटीने, पहाटे, एकट्याने जावं. त्यात तुम्ही मोडता घालू नका. तो त्याचा हट्ट आहे आणि मोठ्या माणसाला हट्ट करायला हरकत नाही. आम्हीही जातो, पण आम्ही मुलं नेत नाही, एवढाच फरक.

धाकट्याने जेटीवरच पाय रोवले आणि नाही म्हटलं, तर आजीजवळ ठेवा आणि तिघं जा, किंवा तुम्हीही थांबा आणि बाप-लेकीला जाऊ द्या. त्याला पुढच्या वर्षी सहा होतील. संध्याकाळी ताईने पकडलेली मुडदुशी तळून घ्या, तिला काटा कमी असतो, त्याला सोलून भरवायला सोपी.